सेकंड माल

पिच्चरमध्ये सोलापूर चार मिनिटं आहे.
त्यात उंट आहे.
आमच्या पूर्व भागात उंट कुठनं आला, विचारलं मी,
तर पुढच्या रांगेतलं पोरगं म्हणालं, मावशी, गप बसा की ओ.

गप बसले.
पडद्यावर ती बातमीदारीण गच्चीवरनं गच्चीवर उड्या मारत होती,
पुढं पळणारा म्हातारा, हातात बंदूक,
आणि खाली बायका गात गात रंगीत सूत वाळत घालत होत्या.
गात गात!
रंगखात्यात वासानं तोंड उघडवत नाही.

खरी आली होती ती रिक्षातनं, मे महिन्यात,
दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं तेव्हा.
गुडघ्याला पट्टा. उडी सोडा,
आमचा उंबरा तिला दोनदा अडला.
सोबत दुभाषा म्हणून शिवशरण हत्तुरे, कॉलेजातला.

तिनं पाटावर फोटो ठेवला.
फोटोत वर्दी होती, वर्दीत एक जवान माणूस.
मी म्हटलं, नाही बघितला कधी.
मग तिनं तळहातानं वर्दी झाकली.
दुसऱ्या हातानं टोपी.
उरले डोळे.

"टावेल साहेब," माझी जाऊ म्हणाली,
भाकरी थापता थापता, मान वाकडी करून.

नऊ वर्षं यायचा. गड्ड्याची यात्रा उठली की.
त्याच्या देशाचं नाव आमच्या जिभेवर कधी बसलं नाही.
हॉटेलांसाठी टॉवेल न्यायचा, कंटेनर भरून.
कडक भाकरीवर शेंगाची चटणी घ्यायचा,
डोळ्यांतनं पाणी, तरी परत वाटी पुढं.
माझ्या धाकटीला घड्याळ दिलं त्यानं.
अजून चालतं.
हे मी तिला सांगितलं नाही.

तिनं विचारलं, तो काम कसं करायचा?
आता काय सांगायचं.
चेकिंगच्या टेबलाशी उभा राहायचा,
आम्ही सहा बायका एकेक नग पुढं सरकवायचो.
भिंग नको, माप नको, नुसती नजर
आणि उजव्या हाताची दोन बोटं.
अशी: फ्रेश.
अशी: सेकंड.
बोलायचा नाही. चिडायचा नाही.
एक गाठ जास्त, एक तार तुटलेली,
डावीकडं.
तासाला चारशे.
दमायचाच नाही माणूस.

मी हात करून दाखवला.
शिवशरणनं भाषांतराला तोंड उघडलं
तर तिनं त्याला थांबवलं.
पेन खाली ठेवलं.
माझ्या बोटांकडं बघत राहिली,
मग हळूच आपली दोन बोटं हलवली,
बरोबर तशीच. मनगट न हलवता.
मी ते करायचं विसरले होते. तिला माहीत होतं.

शिवशरणनं सांगितलं, थांबत थांबत:
पुलाजवळची शाळा. पटांगण.
मी दहा वर्षांची.
भाऊ डावीकडं.

शेजारी माग धडधडत होते.
जाऊनं तवा उतरवून ठेवला.

पिच्चरमध्ये हे नाही.
पिच्चरमध्ये हेलिकॉप्टर येतं, त्याला पकडतात,
लोक टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या.
खरं म्हणजे पुढच्या जानेवारीत तो आला नाही, एवढंच.
सापडला, मेला, का दुसऱ्या कुठल्या गावात
टॉवेल निवडत उभा आहे, कोण सांगणार?
ऑर्डर बंद पडली. सहांतल्या तिघी घरी बसल्या.
मालकानं विचारलं, कोण बोललं तिच्याशी?
जावेनं माझ्याकडं बघितलं. मी जावेकडं.

मी अजून चेकिंगलाच आहे, दुसऱ्या कारखान्यात.
नग येतो. तार तुटलेली असते.
बोटं आपोआप वर जातात,
ती मी खाली घेते
आणि दोन्ही हातांनी टॉवेल उचलून बाजूला ठेवते.
सुपरवायझर ओरडतो, राजव्वा, तासाला चारशे पायजेत.
अडीचशे होतात.